पहिला अर्थ

त्याला सगळे ‘अर्थमंत्री’ म्हणत. पैशांशी त्याचा संबंध पगारापुरताच. पण शब्दांचा अर्थ विचारायचा तर त्यालाच, म्हणून हे नाव. काम दोर बांधण्याचं. धान्य साठवायच्या उंच कोठ्यांना बाहेरून रंग द्यायचा असला की छतावरून दोन दोरांवर एक पाळणा खाली सोडतात. पाळण्यात दोन रंगारी उभे राहतात. वर दोर बांधणारा चुकला, तर खालचे दोघे संपले. त्याच्या हातून तसं कधी झालं नव्हतं. घाईचं काम त्याला जमतच नसे. दोराचं टोक लोखंडी खांबाला दोन वेढे, वर एक गाठ, त्यावर दुसरी, आणि मग स्वतःच्या अंगाचा भार टाकून ओढून बघायचं. एवढं केल्याशिवाय तो कुणाला पाळण्यात पाय ठेवू देत नसे.

शाळा लवकर सुटली, पण इंग्रजीची हौस राहिली. डब्याच्या पिशवीत एक छोटी डिक्शनरी असायची. यंत्रावर इंग्रजी पाटी दिसली की गडी हाक मारत, हा शब्द काढी, बोट ठेवी आणि अर्थ सांगे. त्याची एक खोड होती. शब्दापुढे जो पहिला अर्थ, तोच त्याचा अर्थ. पुढचं बारीक अक्षरातलं तो वाचत नसे. पहिला आहे म्हणजे खरा तोच, बाकीचे शिल्लक राहिलेले, असं त्याचं मत.

नवा पाळणा आला, खालून बटण दाबलं की वरखाली होणारा. त्याच्या दोन्ही दोरांना वर एकेक लोखंडी जबडा होता. दोर जबड्यातून ओवायचा, जबडा तो दातांत धरतो, उरलेलं टोक मागे छतावर पडून राहतं. जबड्यावर पाटी होती : मेक फास्ट टेल एंड बिफोर लोडिंग.

“वाचा, अर्थमंत्री,” मुकादम म्हणाला.

डिक्शनरी निघाली. “टेल म्हणजे शेपूट. एंड, टोक. लोडिंग, भार टाकणं. फास्ट...” त्याने बोट फिरवलं. “जलद.”

“फास्ट म्हणजे उपाससुद्धा असतो,” त्याचा धाकटा भाऊ म्हणाला. तो रंगारी, पाळण्यात उभं राहणाऱ्यांपैकी एक. “चढायच्या आधी शेपटीला उपाशी ठेवायचं.”

“फास्ट म्हणजे फास असेल,” एक म्हातारा रंगारी म्हणाला, आणि सगळे हसले.

अर्थमंत्री हसला नाही. त्याने विचार करून सांगितलं, “भार टाकण्याआधी टोक झटपट ओढून घ्या. दोर ताणला की झालं. धरायचं काम जबडा करतो.”

“म्हणजे बांधाबांध नाही?” मुकादमाने विचारलं.

“पाटीत तर बांधायचं म्हटलेलं नाही.”

मुकादम खूश झाला. बांधण्यात सकाळचा बराच वेळ जायचा. पहिल्या दिवशी अर्थमंत्र्याचे हात सवयीने खांबाकडे गेलेच. मुकादम म्हणाला, “अहो, तुम्हीच वाचलंत ना?” त्याने हात मागे घेतले. हात सांगत होते बांध, पुस्तक सांगत होतं जलद. पुस्तक छापलेलं होतं. त्याने पुस्तकाचं ऐकलं.

थोरली मुलगी त्याच कोठ्याच्या आवारात सामानाच्या खोलीत कारकून होती. दुपारचा डबा तो तिच्या टेबलावर खायचा. काही दिवसांनी बढतीच्या परीक्षेसाठी तिने एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात एका इंग्रजी शब्दासारखे दुसरे इंग्रजी शब्द गटागटाने दिलेले.

“हे कशाला?” त्याने विचारलं. “तुला एकेक शब्द येतो तेवढा पुरे की.”

“बाबा, एकाच शब्दाचे चार घरांत चार नातेवाईक असतात. ज्या घरात गेलात तिथलं नातं लागतं. कुठलाही शब्द काढून बघा.”

तिला हरवायचं म्हणून त्याने फास्ट काढला. पहिल्या गटात जलद, वेगवान, चपळ अशा अर्थाचे शब्द. तो विजयाने तिच्याकडे बघणार, तेवढ्यात नजर खालच्या गटावर गेली. ते शब्द त्याला येत होते. कुठल्या ना कुठल्या पाटीवर वाचून त्याने त्यांचे अर्थ सांगितले होते. पक्का. घट्ट. बांधलेला. न हलणारा.

“मेक फास्ट,” तो हळूच म्हणाला. “याचा अर्थ काय गं?”

“पक्कं बांधणं. बोटी बांधतात ना, तसं. का?”

घास त्याच्या तोंडातच राहिला. जेवणाची सुट्टी संपली होती आणि धाकटा पाळण्यात चढलाही असेल.

“मुकादमाला सांग, पाळण्याचं बटण कुणी दाबायचं नाही. वर नाही, खाली नाही. धाव.”

तो स्वतः जिन्याकडे गेला. कोठ्याचा जिना लोखंडी, अरुंद, बाहेरून वळत जाणारा. या वयात माणसाने तो थांबत थांबत चढावा. तो थांबला नाही. प्रत्येक वळणावर त्याला वाटे की आत्ता ओरडावं. पण ओरडलं तर खालचे दोघे वर बघतील, एका बाजूला वाकतील, दोराला हिसका बसेल. त्याने ओठ दातांखाली धरले. बायकोला काय सांगायचं, भावजयीला काय सांगायचं, असलं काहीबाही मनात येत होतं आणि तो ते पायांखाली तुडवत चढत होता.

छतावर वारा होता. डावं टोक होतं तसं पडलेलं. उजवं टोक हलत होतं. धान्याची बारीक धूळ दोरावर बसून तो गुळगुळीत झाला होता, आणि जबड्याच्या दातांतून साप बिळात शिरावा तसा थोडाथोडा सरकत होता. थांबे, पुन्हा सरके. मागे फारसा दोर उरला नव्हता.

खालून भावाचा आवाज आला. “वर कोण आहे? दादा, तू का? हा पाळणा उजवीकडे कलतोय का रे, की मीच जास्त जेवलोय?”

भाऊ डाव्या बाजूला उभा होता. उजवीकडे त्याचा सोबती. अर्थमंत्र्याचे पाय आधी डाव्या दोराकडेच वळले होते. हे त्याला कळलं आणि त्याने ते उजवीकडे नेले.

“जेवलायस जास्त,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “दोघंही आहात तिथेच उभे राहा. कठड्याला धरा. हलू नका.”

खालचं हसणं बंद झालं. दादा असा बोलला की काय समजायचं ते भावाला ठाऊक होतं.

त्याने टोक उचलून खांबाला वेढा घातला. दुसरा घातला. गाठ मात्र येईना. जन्मभर घातलेली गाठ, आणि बोटं म्हणजे लाकडाच्या काड्या. दोर त्याच्या तळव्यातून अजून एक वीत गेला, कातडी घेऊन गेला. मग त्याने डोळे मिटले. डोळे मिटल्यावर हातांना आठवलं. एक गाठ, वर दुसरी. अंगाचा भार टाकून ओढलं. दोर थांबला. मग डावा बांधला, तोही ओढून बघितला, आणि त्यानंतरच मुकादमाला वरून हात केला की हळूहळू वर घ्या.

भाऊ छतावर आला. त्याने खांबाकडे पाहिलं, जबड्याकडे पाहिलं, दादाच्या रक्ताळलेल्या हातांकडे पाहिलं. सोबती जरा लांब जाऊन खालीच बसला.

“पाटीवर बांधायला सांगितलंय,” अर्थमंत्री म्हणाला. “मी उलटं वाचलं.”

भाऊ जवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, “दादा, जबडा खराब निघाला म्हणून सांगू. कुणाला कळायचं नाही.”

“आणि दुसऱ्या कोठ्यावर तेच वाचून कुणी चढेल, त्याचं काय?”

खाली सगळे गोळा झाले होते. मुलगीही दाराशी उभी होती. त्याने झालं ते सांगितलं, लांबण न लावता. शिव्या बसतील असं त्याला वाटलं होतं. कुणी शिवी दिली नाही. म्हाताऱ्या रंगाऱ्याने तेवढं विचारलं, “मग तळघरातल्या पंख्यावरची पाटी? ती तूच वाचली होतीस.”

“हो.”

“आणि धूळ ओढायच्या यंत्राची?” दुसरा म्हणाला. “आम्ही रोज त्याचं झाकण उघडतो, तू उघडा म्हणालास म्हणून.”

“मालाच्या लिफ्टची पण,” मागून कुणीतरी बोललं.

इतकी वर्षं वाचलेल्या सगळ्या पाट्या त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. प्रत्येकीवर एकेक शब्द, प्रत्येक शब्दाला त्याने दिलेला पहिला अर्थ, आणि त्या अर्थावर रोज हात घालणारी ही माणसं.

“बरोबर वाचल्या होत्यास ना?” मुकादमाने विचारलं. पहिल्यांदाच अरेतुरे केलं, आणि ते रागाने नव्हतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

त्या दुपारी कुणी अवजाराला हात लावला नाही. बापलेक दोन पुस्तकं घेऊन पंख्याची पाटी नव्याने वाचायला तळघराच्या जिन्याने खाली उतरले, आणि बाकीचे वरच, पंखा बंद होण्याची वाट बघत उभे राहिले.