पाया पक्का झाला की सुटलास

धुकं असं दाट उतरलं होतं की मशिदीमागची गल्ली कुणीतरी पुसून टाकल्यासारखी दिसत होती. थंडीनं नाक गळत होतं. शिंप्यानं चाचपत खोलीचं कुलूप गाठलं. किल्ली फिरेना. तोंडानं दोनदा वाफ दिली, शिवी एक दिली आणि लगेच तौबा केली. जागा कुठली, आपण बोलतो काय! मग कुलूप उघडलं.

खोली लांबट आणि चिंचोळी, आगगाडीच्या डब्यासारखी. एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. त्यानं दिवा लावला, चटया झटकल्या, बुटके बाक दोन रांगांत मांडले. नळाखाली हात धरला तर पाणी चावलं. नमाजाआधी हातपाय धुताना पोरं कुरकुरतात, म्हणून त्यानं बादलीभर पाणी गरम करायला लावलं. फळा पुसला, परत पुसला. आज परीक्षा होती. परीक्षा पोरांची, पण निकाल त्याचा.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी इथले म्हातारे उस्ताद पायरीवरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचे मालक, पॅन्टला तुरपाई घालायला म्हणून दुकानात आले आणि जाता जाता म्हणाले, "मास्तर, तुझे अब्बा दीनदार, धर्म पाळणारा माणूस. तुला सगळं तोंडपाठ. दोन आठवडे लहान पोरांना बघ. उस्ताद उठले की तू मोकळा."

उस्ताद उठलेच नाहीत. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, मग कुणी मोजायचं सोडून दिलं. "नवा माणूस येतोय," असं सदरसाहेब दर वर्षी सांगत, आणि तो नवा माणूस बिचारा दर वर्षी वाटेतच कुठेतरी राहून जाई. असं हे भिजत घोंगडं शिंप्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

खरं तर तो कोटाचा कारागीर. वडिलांनी चौदा वर्षं हाताखाली ठेवून तयार केलेला. पण कोटाला सलग वेळ लागतो. खांदा बसवताना, बाही चढवताना मधेच उठलात की संपलं, कापड रुसतं. याची सकाळ मकतबात जायची, म्हणजे लहान पोरांच्या या वर्गात. संध्याकाळही तिथेच. मधल्या दिवसाच्या ज्या चिंध्या उरत, त्यांत पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, फार तर परकर. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक कोट उतरला नव्हता. पुतळ्यावर चढवलेला जुना अर्धा कोट धूळ खात होता, तोही उंदरांनी कॉलरपासून सुरू केला होता.

आणि आता मेहुण्याचा निरोप आला होता. दूरच्या शहरात त्याचा कोट शिवायचा कारखाना. कटिंग करणारा म्हातारा घरी बसला. "दाजी, तुमच्यासाठी तीन महिने जागा अडवून ठेवलीय. आता शुक्रवारपर्यंतच. नंतर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल, तेव्हा बहिणीकडून मला शिव्या खायला लावू नका."

आज बुधवार. सदरसाहेबांनी अट घातली होती, "पहिल्या वर्गाचा पाया पक्का झाला की सुटलास. मोठे मौलाना परीक्षेला येताहेत, सोबत नुकता शिकून निघालेला एक पोरगा आणताहेत. शेरा चांगला पडला तर त्याच दिवशी तो पोरगा वर्ग घेईल. पण कच्चा पडला, तर ज्यानं पाया घातला त्यानंच खणायचा. दुसऱ्याच्या गळ्यात कच्ची पोरं मी घालणार नाही."

म्हणून वर्षभर शिंप्यानं पोरांना घोटून घेतलं होतं. बायकोनं तर ट्रंकही भरली होती.

पोरं आली. नाकं लाल, टोप्या वाकड्या. बावीस जणं. त्यांत एकाचं नाव वकील पडलेलं, कारण त्याला गप्प बसण्याचा रोगच नव्हता. आणि सगळ्यांत लहान ती चिमणी, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली.

"उस्ताद, मौलाना मारतात का?" वकिलानं विचारलं.

"नाही. पण तू फार बोललास तर मी मारीन."

"तुम्ही तर कधीच मारत नाही."

"मग आज मुहूर्त करू. बस खाली."

मौलाना आले. साठीचे, संथ, दम्यानं थांबून थांबून बोलणारे. मागून नवा पोरगा. दाढी जेमतेम उगवलेली, इस्त्री कडक. त्या इस्त्रीकडे बघूनच शिंप्याला बरं वाटलं, हा टिकेल. सदरसाहेब दाराशी खुर्चीत.

"इमानाचे पाये किती?" मौलानांनी विचारलं.

"सहा!" बावीस तोंडं.

पोरांनी बोटांवर मोजून दाखवले. एक अल्लाह. दोन त्याचे फरिश्ते. तीन त्याच्या किताबा. चार त्याचे पैगंबर. पाच शेवटचा दिवस. सहावी तकदीर, भली असो वा बुरी, त्याच्याकडूनच. प्रत्येक पायाखालचं एकेक वाक्यही चोख आलं. "तो एक आहे, त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याच्यासारखं काहीच नाही," हे चिमणीनं दातांच्या फटीतून शिट्टी वाजवत म्हटलं, तरी शब्द इकडचा तिकडे नाही.

"अल्लाह दिसतो का?"

"नाही!"

"मग आहे कशावरून?"

"शर्ट बघितला की शिंपी कळतो, जग बघितलं की बनवणारा कळतो!"

मौलाना हसले. "हे कुठल्या किताबात?"

"माझंच आहे," शिंपी ओशाळून म्हणाला. "अकरा वर्षं हेच सांगतोय. पोरांना पटकन उमगतं."

"छान आहे," म्हणत मौलानांनी शेऱ्याची वही मागितली. सदरसाहेब म्हणाले, आधी चहा घ्या, वही कचेरीतच आहे. तिघं अंगण ओलांडून गेले. जाता जाता नव्या पोरानं फळ्याकडे, बाकांकडे मालकासारखी नजर टाकली. शिंप्याच्या मनात कारखान्याचं लांब टेबल उभं राहिलं. त्यावर गडद निळं कापड पसरलेलं, हातात खडू.

"उस्ताद, एक विचारू?" चिमणी बाकावरून उठून आली होती.

"दहा विचार आज."

"अल्लाहच्या चष्म्याचा नंबर तुमच्याएवढाच आहे का?"

शिंप्याला आधी कळलंच नाही. "चष्मा?"

"मग सुईत दोरा कसा ओवत असेल?"

"येडी आहेस का," वकील मधे पडला. "अल्लाहला चष्मा लागत नसतो."

शिंप्यानं श्वास सोडला.

"त्याचे डोळे चांगले असतात," वकिलानं पुढे समजावलं. "टेप मात्र असतो गळ्यात. माप घेतल्याशिवाय माणूस कसा बनवणार?"

शिंप्याचा हात आपसूक मानेकडे गेला. टेप होता. असायचाच, झोपताना तेवढा काढायचा. तो खाली बसला. आवाज साधा ठेवून त्यानं एकेकाला विचारलं, बाळा, अल्लाहचं नाव घेताना तुला काय दिसतं? एक म्हणाला, मोठं दुकान, आकाशाएवढं. दुसरी म्हणाली, लाकडी खुर्ची, तिचा एक पाय हलतो. तिसरा म्हणाला, मशीन. आणि मग ती पायानं चालते की मोटारीवर, यावर मागच्या रांगेत भांडण जुंपलं. बारा जणांना विचारलं. नऊ जणांनी त्याला त्याचंच दुकान सांगितलं. म्हाताऱ्या कैचीसकट.

आत्ताच तर पोरांनी म्हटलं होतं, त्याच्यासारखं काहीच नाही. म्हटलं आणि डोळ्यांपुढे आपल्या उस्तादाला आणून बसवलं. कुठे हा, कुठे तो! जिभेवर पाया, आणि पायाखाली शिंपी.

अकरा वर्षांतली आधीची पोरं? त्यांतला एक आता दुधाची गाडी चालवतो, एकीचं लग्नही झालं. ती सजद्यात डोकं टेकतात तेव्हा समोर कोण असतं?

कचेरी अंगणापलीकडे, पंधरा पावलं. त्यानं मनाशी हिशेब मांडायचा प्रयत्न केला. पाठ चोख. कुणी ऐकलेलं नाही. झाकली मूठ. पोरं मोठी होतील, विसरतील. घरी दोरी आवळलेली ट्रंक. मेहुणा रागीट, शुक्रवारनंतर फोनसुद्धा उचलणार नाही. सगळं खरं होतं. पण चिमणी आज घरी जाऊन आजारी आजीसाठी दुआ मागणार, रोज मागते, आणि ती दुआ येणार कुठे? तर याच्याकडे. ज्याला धड एक परकर वेळेवर देता येत नाही त्याच्याकडे.

तो पंधरा पावलं चालून गेला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना टेप मात्र काढून खिशात कोंबला.

सदरसाहेबांनी कप खाली ठेवला. मौलानांनी दाढी कुरवाळली.

"पाठ तर चोख आहे," ते म्हणाले. "मला जे ऐकायचं ते मी ऐकलं. लहान पोरं काय, काहीही चित्र काढतात. पुष्कळजण पुढे आपोआप सावरतात."

"आणि जे सावरत नाहीत?"

"मी सांगतो ना त्यांना," नवा पोरगा पुढे सरसावला. "पहिल्याच दिवशी. असा विचार करणं किती मोठा गुन्हा आहे, त्याची शिक्षा काय आहे, सगळं नीट सांगतो. पुन्हा नाव घेणार नाहीत."

मौलानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग शिंप्याकडे. "टेप जाईल," ते हळूच म्हणाले, "आणि त्या जागी काठी येईल." खोकल्याची उबळ आली. मग त्यांनी वही उघडली. "पक्का लिहिलं तर खोटं होणार नाही. तुझी अडचण मला सदरांनी सांगितलीय. तू सांग, काय लिहू?"

शिंप्याला त्या माणसाचा राग आला. लिहून टाकायचं होतं गुमान. मला कशाला विचारता?

"पक्का लिहू नका," तो म्हणाला.

"कच्चा?"

"कच्चा."

"बघा," सदरसाहेब मौलानांना म्हणाले, आणि दुःखी दिसायचा प्रयत्न करत असूनही त्यांचा चेहरा उजळला, "म्हणूनच मी याला सोडत नाही. असा माणूस दिवा घेऊन शोधला तर मिळेल का?"

"दिवा घेऊन तुम्ही कधी निघालात ते तरी सांगा," शिंपी म्हणाला. सदरसाहेब मोठ्यांदा हसले. त्यांना वाटलं, गंमत केली.

घरी बायको ट्रंकवर गुडघा टेकून दोरीला शेवटची गाठ मारत होती.

"झाली परीक्षा?"

"झाली."

"मग? तोंड का असं? शेरा?"

"कच्चा."

"पोरं चुकली?"

"पोरं नाही. मी."

ती उठून उभी राहिली. "त्यांच्या लक्षात कसं आलं?"

"मी सांगितलं."

त्यानं चष्म्याचं, टेपचं सगळं सांगितलं. तिला एकदा हसू आलं, ते तिनं गिळलं आणि मग मात्र तिचा बांध फुटला. "अहो, सगळ्या दुनियेचं इमान तुमच्याच खुंटीला टांगलंय का? माझ्या भावानं तीन महिने शब्द राखला. मी शेजारणीला कुंड्या देऊन बसले. आणि तुम्ही आपणहून गेलात सांगायला? आपणहून?"

"एका वर्षाचा प्रश्न आहे."

"दोन आठवडे म्हणाला होतात," ती म्हणाली.

तिनं त्याच्यासमोरच भावाला फोन लावला. "भाऊ, दुसरा माणूस बघ," एवढंच बोलली. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. ती ऐकत होती, मधेमधे "हो", "खरंय तुझं" म्हणत होती आणि नवऱ्याकडे एकदाही बघत नव्हती. फोन ठेवल्यावर तिनं दोरी सोडली, ट्रंकेतून चहाची गाळणी तेवढी काढली आणि झाकण परत लावून टाकलं.

दुकानाच्या वाटेवर धुकं विरळ झालं होतं. पोरं आता शाळेत निघाली असतील. तो चालता चालता वाक्यं जुळवून बघत होता. मुलांनो, शर्ट विसरा. मुलांनो, सुई विसरा. मग पुढे? जे कशासारखंच नाही ते सांगायचं कशाच्या आधारानं? सुताराचं उदाहरण द्यावं तर ती त्याला रंधा देतील. कुंभाराचं द्यावं तर चाक. वडिलांनी त्याला लहानपणी कसं सांगितलं होतं, ते आठवून पाहिलं. आठवलं ते एवढंच, की ते बोलायचे आणि मधेच गप्प व्हायचे आणि त्या गप्प होण्याची त्याला भीती वाटायची नाही. पण गप्प कसं शिकवायचं? बावीस पोरं, त्यांत वकील.

संध्याकाळचा वर्ग साडेपाचला. तोवर काहीतरी सुचायला हवं, नाही सुचलं तरी साडेपाच वाजणारच.

दुकानाच्या फळीवर एक बाई पिशवी घेऊन बसली होती.

"कधीची थांबलेय, मास्तर. सहा अभ्रे आहेत उशांचे. सरळ चार शिलाया. दुपारपर्यंत होतील ना?"

"होतील," तो म्हणाला. शटर वर सरकवलं, बाईकडून पिशवी घेतली, बॉबिनला पांढरा दोरा भरला आणि पहिला अभ्रा उलटा करून सुईखाली घातला.