न पडलेली नाळ

१४ ऑगस्ट २०२४ रोजी पुण्याच्या प्रयोगशाळेत अठरा हजार सातशे पन्नास रुपये भरले. तपासणी बानूबाईंच्या चोवीस दिवसांच्या नातवाची होती.

बानूबाई महाळुंगे पडवळला आमच्या शेजारी राहतात. गावातली तान्ही बाळं तेव्हा त्याच न्हाऊ घालायच्या. नाळ आठ-दहा दिवसांत पडते, नातवाची पडेना. बेंबी लाल झाली. गावातले डॉक्टर म्हणाले, पू नाही, काळजी नको.

"पू न्हाई, म्हणूनच भ्या वाटतंय," बानूबाई म्हणाल्या. जेवता जेवता उठायच्या आणि दुपटं उकलून बघायच्या.

मुलगा राघू वैतागला. "आये, सारखी उकलती, ते काय पार्सल हाय व्हय?"

शेवटी त्यांनीच सगळ्यांना पुण्याला न्यायला लावलं. कागदपत्रांसाठी मी सोबत होतो. फॉर्मवर प्रश्न होता, घरात पूर्वी बाळ दगावलं आहे का?

"न्हाई," राघू म्हणाला.

बानूबाई उठल्या, नळापर्यंत गेल्या, पाणी न पिताच परतल्या. बसल्या, पुन्हा उठल्या.

"भाऊ, लिवा. दोन."

"कवा?" राघूनं विचारलं.

"तुज्या आदी. मेंढरं घेऊन कोकणात व्हतो. दोघांचीबी नाळ म्हयनाभर पडली न्हाई. दोघंबी तिकडंच गेली. गावात कळलं असतं तर माज्या हातात पोर कुणी दिलं असतं? आन वर भावाचीच पोरगी सून करून आणली."

ती भावाची पोरगी, दिशा, बाळाला छातीशी धरून समोरच बसली होती.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोष आयटीजीबी-२ या जनुकात होता. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनामुळे पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिथून जखमेत उतरतात. बाळाच्या पेशी चिकटतच नव्हत्या, नुसत्या वाहून जात होत्या. म्हणून पू नव्हता, आणि जंतू वाढत होते. बिघडलेली प्रत आईकडूनही आली होती, बापाकडूनही. उपाय एकच, दुसऱ्याची अस्थिमज्जा. चार वर्षांच्या थोरल्या बहिणीची जुळली.

जानेवारीत ती बाळाला दिली. नव्या पेशी धरू लागल्यात, पण वर्षभर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. बानूबाईंना दवाखान्यात काचेपलीकडूनच बघू देतात. त्या तिथं दिवसभर येरझारा घालतात. गावात बाळं न्हाऊ घालणं त्यांनी सोडलं आहे.

पुण्याला जाताना एसटीसाठी त्यांनी माझ्याकडून दोनशे रुपये घेतले होते. ते अजून यायचे आहेत.