समुद्र डाव्या खिडकीला

मागच्या सीटवर मुलीने संत्रं सोललं आणि बंद गाडीभर वास पसरला. हिंजवडीचा चौक कधीचा समोरच दिसत होता. मला एकदम कंपनीची बस आठवली.

तेव्हा शेजारी वर्षा बसायची. ती अमरावतीची; घरून आली की पिशवीभर संत्री आणायची. आमच्या टीमकडे आयर्लंडचं काम आलं होतं आणि साहेब म्हणाले होते, तुम्हा दोघींना तिकडे पाठवू. मग रोज संध्याकाळी बस अडकली की मांडीवर नकाशा पसरून आम्ही सहल आखायचो. दोन दिवस, भाड्याची गाडी, सगळा पश्चिम किनारा.

"खालून वर जाऊ," त्या दिवशी वर्षा म्हणाली. "म्हणजे समुद्र माह्या खिडकीकडे राहीन. मी त अजून पाह्यलाच नाही न समुद्र!"

नकाशावर संत्र्याच्या साली पडल्या होत्या. बस जागची हलली नव्हती. आम्ही मात्र अर्धा किनारा ओलांडला होता.

पुढच्या सीटवरून अकाउंट्सच्या जोशीबाईंनी मान न वळवता विचारलं, "छान. तुमच्यापैकी गाडी कोणाला येते?"

दोघींनाही येत नव्हती. अख्खी बस हसली. वर्षाने नकाशाची घडी घातली.

त्या रागात मी रविवारीच ड्रायव्हिंग क्लास लावला. आयर्लंडचं काम पुढे दुसऱ्याच शहरात गेलं, आणि लग्न ठरल्यावर वर्षा अमरावतीला.

आता गाडी मी चालवते. ह्याच रस्त्यावर, बहुतेक पहिल्याच गियरमध्ये.