‘येतो’ आणि ‘आलो’

ॲडमिन समुद्राकडे पाठ करून कधी उभा राहिला नाही. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, गळ टाकून बसलेला असो, नाहीतर नागावच्या किनाऱ्यावर कुणाशी गप्पा मारत असो, तोंड पाण्याकडेच. बोलणाऱ्याने त्याच्या कानाशी बोलायचं. “समुद्र मागून येतो, मास्तर,” तो मला म्हणायचा, “आन येतो म्हनून सांगत न्हाय.” मी हसायचो. या खोडीमुळे आमच्या ग्रुपवर माशांचे ढीगभर फोटो असूनही त्याचा चेहरा एकाही फोटोत नाही. पोलिसांनी फोटो मागितला तेव्हा हे आमच्या ध्यानात आलं.

त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. नागावातल्या निम्म्या वाड्यांना त्याच्या हातचं पाणी मिळत असेल, पण नावाने त्याला कुणी हाक मारत नसे. ‘खडपावरचे’ हा ग्रुप त्याने काढला आणि तो भाजीवालीपासून सगळ्यांचा ॲडमिन झाला. ग्रुपमध्ये मी शाळामास्तर, एक रिक्षावाला, बँकेतला नितीन आणि काही होमस्टेवाले. सगळे हौशी गळवाले. बाजारात मिळणारा मासा उन्हात बसून धरणारे रिकामटेकडे, असं कोळीवाड्यातले लोक आम्हाला म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. आमिषाला जिवंत करंदी लावावी की प्लॅस्टिकचा मासा, यावर आमची आठवडाभर जुंपायची. ॲडमिनला स्वतःला शिंगाळ्यासारख्या हलक्या माशापलीकडे सहसा काही लागत नसे. दुसऱ्याचा मासा पाहूनच त्याचं पोट भरायचं.

ग्रुपचा नियम मात्र एकच होता. खडपावर निघताना ‘येतो’ लिहायचं आणि घरी पोचल्यावर ‘आलो’. ‘आलो’ आलं की त्याचं ‘बरं’ यायचं. एकदा मी गडबडीत ‘जातो’ लिहिलं, तर त्याने दुकानातून फोन करून मला झापलं. “मास्तर हाव ना तुम्ही? दर्यावर जातो म्हनू नये. येतो म्हनायचं, म्हंजे यावं लागतं.” वर्गात मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या मला त्या क्रियापदाचा हा अर्थ ठाऊक नव्हता.

एका संध्याकाळी रिक्षावाला ‘आलो’ लिहायला विसरला. तासाभराने ॲडमिन त्याच्या दारात उभा. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आधी खडपावर जाऊन शोधून आला होता. जेवायला बसलेल्या माणसाकडे त्याने एकदा पाहिलं, “बरं,” म्हणाला आणि परत गेला. पुढे कितीतरी दिवस आम्ही त्यावरून त्याची टर उडवली.

मग ती अमावास्या आली. दुपारी नितीनने ‘येतो’ लिहिलं आणि तो काशीदच्या अलीकडच्या खडपावर गेला. त्या दिवशी त्याचं नशीब फळफळलं होतं. हाताएवढी तांबोशी लागली. ती घेऊन तो वेळेत घरी आला, फोन चार्जिंगला लावला आणि मासा बघायला शेजारीपाजारी जमले. या सगळ्यात ‘आलो’ राहून गेलं.

रात्री नऊच्या सुमारास मला ॲडमिनचा फोन आला. “नितीनचं ‘आलो’ आलं न्हाय. फोन उचलत न्हाय. उधानाचं पानी हाय, मास्तर.”

मी म्हटलं थांबा, मी येतो, दोघं जाऊ. थांबेल तर तो ॲडमिन कसला? “तुम्ही या मागून,” म्हणाला. दुकानाचं शटर अर्धंच ओढून तो निघाला, आणि निघताना ग्रुपवर नियमाप्रमाणे लिहून गेला: येतो.

मी गाडी काढेपर्यंत त्याच्याखाली नितीनचा फोटो आला. दोन्ही हातांत तांबोशी, चेहरा फुललेला, आणि वर एक शब्द: आलो. मी तिथल्या तिथे ॲडमिनला फोन लावला. लागला नाही. त्या वाटेवर आणि खडपावर नेटवर्क नसतं.

रस्ता संपतो तिथे मला त्याची स्कूटर मिळाली, आरशाला हेल्मेट अडकवलेलं. पुढे खडप दिसतच नव्हतं, सगळं पाणी. आम्हाला हसणाऱ्या कोळ्यांनी होड्या पाण्यात घातल्या, थळपर्यंत शोधलं. तो अजून मिळालेला नाही. पाठ केली असेल का त्याने? नितीनला शोधायला खडपाच्या कपारीत वाकला असेल, तर केली असेल. हा विचार मला सोडत नाही.

दिवाळीनंतर कुणीतरी नवा ॲडमिन करायचा विषय काढला. मी ॲडमिनच्या बायकोला, वहिनींना, विचारायला गेलो. त्या दुकानात बसल्या होत्या, शटर अजून अर्धंच होतं. “त्यांना काढू नका,” म्हणाल्या. “येतो म्हनून गेलेत.”

नितीनने गळाचा रॉड विकला. खडपाकडे तो फिरकत नाही. बँकेतून घरी, एवढाच त्याचा रस्ता. तरी रोज संध्याकाळी घरी पोचला की ग्रुपवर लिहितो: आलो. आम्ही सगळे ते वाचतो. खाली ‘बरं’ लिहायचं धाडस अजून कुणाचंच होत नाही.