गाणं दिगूचं, नाव दुकानाचं

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलला काच लावत होतो. फोन त्याच्या मेव्हण्याचा होता. दाजी गेले, एवढंच तो म्हणाला. मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि काचेखालचे बुडबुडे कार्डाच्या कडेने बाहेर सारत बसलो. कोपऱ्यात एक राहिला होता, तोही काढला. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मग शटर अर्धं ओढलं आणि स्टुलावर बसून राहिलो. रडू आलं नाही. सहा आठवडे झाले, अजून आलेलं नाही. गुरुवार होता, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सुट्टीचा दिवस. सकाळचा चहा पिऊन तो जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. इतकी वर्षं नोकरीत कधी खाडा केला नाही, आणि गेला तोही सुट्टी बघून... काय म्हणायचं याला.

दिगू म्हणजे दिगंबर सोनटक्के. लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होता, गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकायच्या मशीनवर. तेव्हा माझं चिखलीत कॅसेटचं दुकान होतं. पहिली शिफ्ट सुटली की डब्याची पिशवी खांद्याला लावून तो थेट दुकानात यायचा. घ्यायचा काहीच नाही, नुसता ऐकायचा. मी तापट माणूस. पहिल्या आठवड्यात मी त्याला सरळ सांगितलं, राव, ही धर्मशाळा नाही. तो हसला आणि म्हणाला की लावलेल्या कॅसेटमध्ये ढोलकी पुढं पळतेय, गाणारा मागं राहिलाय. मी पुन्हा लावून ऐकलं तर खरंच तसं होतं! त्या दिवसापासून आत एक स्टूल त्याचं झालं. दिवसभर मशीनच्या दणक्यात राहून त्याचा कान शाबूत कसा, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. तो म्हणायचा, प्रेस पण तालातच पडतो, ऐकणारा पाहिजे.

त्याच्या कंपनीत खंडेनवमीला मशीनची पूजा असते. त्या एका दिवशी बायकामुलांना आत सोडतात. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला वहिनी आल्या, त्यांनी हार घातलेला तो प्रेस पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, एवढ्या मोठ्या धुडापाशी तुम्ही रोज एकटेच असता? पुढच्या वर्षी दिगूने त्याच मशीनपाशी उभं राहून गाणं म्हटलं. घरी वाट बघणाऱ्या बाईचं गाणं: ‘शिफ्ट सुटली सारी, कुठं राहिली स्वारी.’ घरचाच म्हणून त्याने मलाही आत नेलं होतं. पूजा आटपून निघालेले साहेब लोकसुद्धा चपला घालायचे थांबले होते.

हे गाणं सीडीवर यावं असं मीच त्याच्या डोक्यात भरवलं. पुण्याच्या एका कॅसेट कंपनीच्या मालकाशी गाठ घालून दिली तीही मीच. मालक जुना, कानाचा पक्का. आठ गाणी केली. स्टुडिओत दिगूने पहिल्यांदा हेडफोन लावला, स्वतःचा आवाज ऐकला आणि मान खाली घातली. मालकाने शब्द दिला होता की ही सीडी खपली की पुढच्या वर्षी दुसरी. दिगूची गाण्यांची वही भरलेली होती. दुसरी सीडी निघाली असती तर त्याने प्रेस सोडला असता. हे त्याने फक्त मला सांगितलं होतं, बायकोलाही नाही.

आता माझं सांगतो. तोवर कॅसेटचा धंदा बसला होता. लोक यायचे, नवं काय आलंय ते विचारायचे आणि गाणं पलीकडच्या इंटरनेट कॅफेत जाऊन फुकट उतरवून घ्यायचे. वर्षभर मी त्यांना शिव्या घातल्या. मग एक कॉम्प्युटर घेतला आणि दारावर पाटी लावली, ‘मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील’. शिव्या घालून पोट भरत नाही. गाण्याच्या फाईलमध्ये गायकाचं नाव लिहायची एक जागा असते, गाणं वाजलं की ते पडद्यावर दिसतं. आम्ही दुकानदार तिथे दुकानाचं नाव टाकायचो. सगळेच टाकायचे. फुकटची जाहिरात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

दिगूची सीडी आली त्या दिवशी मला कोण आनंद! एक फोडली आणि आठही गाणी कॉम्प्युटरवर घेतली. त्या दिवसापासून जो गाणी भरायला येईल त्याला ‘शिफ्ट सुटली’ माझ्याकडून फुकट. आपल्या भावाचं आहे, ऐका, असं सांगून द्यायचो. मला वाटलं, लोक ऐकतील, आवडेल, मग सीडी घ्यायला येतील. मी स्वतः कॅसेटवाला. फुकट मिळालेलं गाणं विकत घ्यायला कुणी परत येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मी ते केलं. प्रेमानेच केलं, पण केलं.

दोन महिन्यांत ते गाणं भोसरीपासून चाकणपर्यंत पोचलं. कंपनीच्या बसमध्ये तेच, हळदीच्या मांडवात तेच. दुकानात लावलेल्या सीड्या मात्र होत्या तिथेच. पुण्याच्या मालकाने मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. गाणं गाजतंय आणि माल परत येतोय, असं प्रथमच बघतोय, एवढं म्हणाला. दुसरी सीडी निघाली नाही. पुढे त्याचंही ऑफिस बंद झालं. ढोलकीवाला टेम्पो चालवायला लागला. स्टुडिओच्या जागी आता व्यायामशाळा आहे.

दिगू एकदाही चिडला नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला. तो येत राहिला, स्टुलावर बसत राहिला. एकदा हसत हसत सांगायला लागला, बसमध्ये शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर गाणं लागलं होतं. हा म्हणाला, हे माझं आहे. तो माणूस पडद्याकडे बघून म्हणाला, काका, यावर तर सलीम मोबाईल, चिखली असं लिहिलंय, तुम्ही सलीम का? मीही हसलो. मग ओशाळून म्हणालो, उद्या बदलून टाकतो.

"आता कुणाकुणाच्या मोबाईलात जाऊन बदलणार हैस, राव?" तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. लोकांच्या मोबाईलमधलं बदलणं शक्य नव्हतं, पण माझ्या कॉम्प्युटरवरचं दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही. खरं कारण असं की त्या गाण्यामुळे लोक दुकान शोधत येत होते. सलीम मोबाईल ते हेच का, असं विचारत यायचे. मला ते बरं वाटायचं. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

दशक्रियेला इंद्रायणीच्या काठी बरीच माणसं जमली होती. प्रवचनाआधी कुणीतरी मोबाईल लाऊडस्पीकरला जोडून ‘शिफ्ट सुटली’ लावलं. त्याला आवडायचं म्हणून लावलं होतं. माझ्या शेजारचे दोघे ओठांतल्या ओठांत म्हणत होते, पण ते त्यानेच गायलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला दोन शब्द बोलायला उठवलं. वाटलं, आता सांगून टाकावं. माईक हातात आला आणि मी म्हणालो, दिगंबर चांगला माणूस होता. आणि खाली बसलो. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. सगळं बधिर झालं होतं. म्हणून आता लिहितोय.

मागच्या आठवड्यात वहिनी दुकानात आल्या. दिगूच्या स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या. त्यांच्या मुलीला, आरतीला, बाबांचा आवाज आपल्या मोबाईलमध्ये हवा होता. ती नववीत आहे. वहिनींनी तिचा आणि दिगूचा, दोन्ही मोबाईल आणले होते. मी दिगूचा उघडला. त्याने स्वतःचं गाणं ठेवलं होतं, पण ते माझ्याच दुकानातलं, माझ्याच नावाचं. वहिनींनी ते वाचलं.

"इंटरनेटवर पण हेच येतंय ना, सलीमभाऊ?" त्या म्हणाल्या. "शाळेच्या गॅदरिंगला हे गाणं लागलं. आरती म्हणाली, माझ्या बाबांचं आहे. पोरींनी मोबाईल काढून दाखवला. खोटारडी म्हणाल्या. तेव्हापासून ती कुणाला सांगत नाही... परवा मलाच विचारत होती, आई, बाबांनी खरंच गायलं होतं का?"

मग मी सगळं सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं. गिऱ्हाईक आलं, त्याला परत पाठवलं. वहिनी पदराने नुसता काउंटर पुसत राहिल्या, स्वच्छ होता तरी. मी दोन्ही मोबाईलमध्ये नाव बदललं. दिगंबर सोनटक्के. दोन मिनिटंही लागली नाहीत.

वरच्या फळीवर त्याच्या सीड्या अजून आहेत, प्लास्टिकसुद्धा न निघालेल्या. एक काढली, बाहीने धूळ पुसली. मुखपृष्ठावर पांढऱ्या कुडत्यातला दिगू, कॅमेऱ्याला घाबरलेला. खाली मोठ्या अक्षरांत ‘गायक’ आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. आरतीला द्या म्हणून वहिनींच्या हातात ठेवली. घरातल्या सीड्या पाहुण्यांत कधीच वाटून संपल्या होत्या. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही वाजवायची कशावर, भाऊ?"

वाजवायचं यंत्र त्यांच्या घरी नव्हतं. माझ्या दुकानातही कधीचं उरलं नव्हतं.

"वाजवू नका," मी म्हणालो. "तिला नुसती वाचू द्या."