शेजारच्या खुर्चीतला होकार

बसवराज गेल्याचा फोन त्याच्या भावानं केला, तेव्हा आम्ही दोघांनी सकाळी लिहायला घेतलेला प्रोग्रॅम माझ्यासमोर तसाच उघडा होता. तीन तासांपूर्वी तो माझ्या शेजारून उठून त्याच्या गावच्या, अणदूरच्या बसला गेला होता...

धाराशिवातल्या एका खोलीत बसून आम्ही पुण्याच्या कंपनीचं काम करायचो. एकाच संगणकावर दोघं. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून चुका पाहायच्या आणि अर्ध्या तासानं जागा बदलायची, असा नियम. पण माझा हात जलद, आणि बसवराज एकेक ओळ विचार करून लिहिणारा. त्याच्याकडं कीबोर्ड गेला की मला दम निघायचा नाही. "सरक, मी करतो," म्हणून ओढून घ्यायचो. "मला लिहू दे की. चुकलो तर सांग," असं एकदा म्हणालाही तो. मी हसण्यावारी नेलं. मग त्यानं मागणंच सोडलं. एका दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये लहान लेकरांच्या औषधाचा डोस मोठ्यांएवढा निघत होता, ती चूक त्यानंच पकडली. पुण्याच्या साहेबांना मात्र मी "आम्ही पकडली" असं सांगितलं. तो शेजारीच होता. काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याला मी दोन वर्षं होकार समजत आलो.

त्या दिवशी तो सारखा छाती चोळत होता. "आज तूच कर. मला बरं वाटंना," म्हणाला. मला वाटलं, रुसलाय. स्क्रीनवरची नजर न काढता मी म्हणालो, "मग जा की घरी." तो गेला. अणदूरला बसमधून उतरला आणि तिथंच कोसळला.

आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको महादेवी म्हणाली, "जेवताना रोज तुमच्या प्रोग्रॅममधल्या चुका मला समजावून सांगायचे. मला काय कळतंय त्यातलं? म्हणलं, भाऊंना, म्हणजे तुम्हाला सांगा. तर म्हणायचे, त्याला लई घाई असती..."



आता त्या खुर्चीत बेंबळी गावची एक मुलगी बसते. परवा ती म्हणाली, "सर, एक मिनिट."

मी थांबलो. पण हातातली ओळ पुरी करून. "काय म्हणत होतीस?"

"काही नाही, सर."