ठासताना बोलू नये

"मामाजी, टाकली का बारूद?" एवढंच मी विचारलं. पौषातली पहाट, उमरेडच्या पुढचं त्यांचं हरभऱ्याचं वावर, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड दबा धरून बसलेले आम्ही दोघं. मला वाटलं, काहीतरी जाणकारासारखं बोलावं. मी आजवर बऱ्याच चुका केल्या आहेत. एका साखरपुड्यात नवरदेव समजून फोटोग्राफरच्या गळ्यात हार घातला आहे. पण चार शब्दांत एवढी मोठी चूक दुसरी कुठलीच नाही.

कारण माझ्या बायकोचे हे मामा बंदूक ठासत असताना त्यांच्याशी उभ्या जन्मात कोणी बोललेलं नव्हतं. अख्ख्या नागपूर जिल्ह्यात इतका सावकाश जेवणारा, सावकाश रागावणारा आणि सावकाश गोळी झाडणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. त्यांची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी मोजून बारूद ओतायची, मग काथ्याचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा आणि हे सगळं लोखंडी गजानं ठासून बसवायचं. शेवटी घोड्याखाली टिकलीएवढी तांब्याची टोपी लावायची. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात रोही, म्हणजे नीलगाय, हरभरा खाऊन, ढेकर देऊन जंगलात पोचलेला असतो. मी एकदा म्हटलं, आता याहून बऱ्या बंदुका मिळतात. तर म्हणाले, "एकच गोळी असली की माणूस विचार करते, जवाईबापू. दहा असल्या की नुसता आवाज करते."

पिकाच्या राखणीचा हा परवाना त्यांच्या वडिलांपासूनचा. मुलानं नागपूरजवळ बेसाला फ्लॅट घेतला तेव्हा मामा-मामींबरोबर बंदूकही पाचव्या मजल्यावर राहायला आली. मामींनी जुन्या घोंगडीची तिला खोळ शिवली. ती घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले की शेजारी विचारतात, "तंबोरा शिकता का काका?" हे गंभीरपणे सांगतात, "हो. वर्षातून एखादा सूर लागते." निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. तेव्हा ते शिपायाला बजावतात, "उभी ठेवजा गा. निजवली की सर्दी होते तिले." परत मिळाली की आधी नळीचा वास घेतात, मग कागदावर सही करतात.

कागदाला तर हा माणूस देवासारखं मानतो. वनखात्याची परवानगी आहे ती फक्त पिकात शिरलेल्या रोह्याची. एकदा म्हणे चितळांचा कळपच्या कळप वावरात उतरला. मामाजींनी बंदुकीवरची टोपी काढून खिशात घातली आणि तासभर बघत बसले. मामी रागावल्या, तर उत्तर काय? "नाव नाही वं त्यांचं कागदात!" त्या वर्षी घरात हरभरा विकत आणावा लागला.

तर अशा माणसाला मी ऐन ठासणीत प्रश्न विचारला. त्यांचा हात थबकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे, मग हातातल्या रिकाम्या मापाकडे. ठासताना स्वतः बोलणंही त्यांच्या नियमात बसत नाही. जरा वेळानं त्यांनी बारुदीच्या शिंगातून माप भरलं आणि नळीत ओतलं. मला हायसं वाटलं. म्हणजे टाकायची राहिलीच होती! आपण वेळेवर विचारलं म्हणायचं. बोळा गेला, गोळी गेली, बोळा गेला. गज नळीत उतरला.

त्या गजावर एक खाच आहे. बंदूक नीट भरली असली की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. "वर राहिली, तर आत बारूद जास्त झाली समजा," गेल्या वर्षीच त्यांनी मला शिकवलं होतं. "मंग बंदूक उडत नाही. फुटते. आपल्याच तोंडावर."

खाच चार बोटं वर होती.

मामाजींनी ती पाहिली नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी वावराच्या धुऱ्यापलीकडे काटक्या मोडल्या. रोही. एक नर, मागे दोन माद्या. मामाजींची नजर तिकडे गेली. त्यांनी गज बाहेर ओढला, हलकेच खाली ठेवला आणि टोपी लावली. मी माझ्या चष्म्यावरचं दव पुसलं. पण आता बघायला काय उरलं होतं? चार बोटं होती, की दोनच? की थंडीनं माझेच डोळे पाणावले होते? नर बैलाएवढा, निळसर काळा, मान खाली घालून हरभऱ्यात सरकत होता. दोन वर्षांत मामाजींना एवढ्या जवळून बार मिळाला नव्हता. मी ओरडलो आणि खाच बरोबर निघाली, तर सासरच्या प्रत्येक लग्नात पंगत उठेपर्यंत माझीच गोष्ट चालणार होती. खोटं कशाला बोलू, तशा वेळीही मला पंगत आठवली.

मी त्यांचा स्वेटर ओढला. त्यांनी माशी हाकलावी तसा हात झटकला. घोडा मागे ओढल्याचा 'कट्' असा आवाज झाला. त्यांनी गाल दस्त्याला टेकवला. थंडीनं उलू नये म्हणून निघताना मामींनी त्या गालाला खोबरेल चोळलं होतं. पांढऱ्या खुंटांवर तेल अजून चमकत होतं. रोही आडवा झाला. मामाजींनी श्वास धरला. बोट चापावर वळलं.

"मामाजी, खाच!"

आवाज बोकडासारखा निघाला. ओरडताना मी उठलो आणि उठताना पऱ्हाट्यांत आडवा झालो. खुरांचा धडधडाट झाला आणि वावर मोकळं. मामाजींनी अंगठ्यानं घोडा हळूहळू खाली घेतला. तेवढा वेळ मी डोळे मिटून होतो. त्यांनी टोपी काढून खिशात टाकली आणि मग ते सुटले.

"काहून वरडले तुम्ही? आं? चाळीस पावलावर उभा होता तो! तुम्ही सावनेरचे लोक असेच, हात चालत नाही आन् तोंड थांबत नाही! कोणती खाच? कुठं खाच? दाखवतो तुमाले खाच!" आणि मला दाखवण्यासाठीच त्यांनी गज उचलून नळीत घातला.

चार बोटं.

त्यांनी वाकून पाहिलं. मग अंगठ्यानं खाच चाचपली. दोनदा. माझ्या प्रश्नाआधीच एक माप आत गेलं होतं. माझी पाण्याची बाटली मागून घेतली आणि अख्खी नळीत ओतली. बारूद भिजली. पाणी ओतताना बाटलीचं तोंड नळीवर वाजत होतं.

गाडीत बसल्यावर राग पुन्हा सुरू झाला. रोह्यावरून माझ्या स्वेटरच्या लाल रंगावर, तिथून माझ्या गाडी चालवण्यावर. पाचव्या मजल्यावर दाराशी त्यांना किल्ली सापडेना. खिसे चाचपताना त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांनी मला बंदुकीला कधी हात लावू दिला नव्हता. तेव्हाही ते मला रागावतच होते.

मी घरी आलो तेव्हा बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, माझ्या प्रश्नासकट.

"लई चिडला का मामा?" शेवटी तिनं विचारलं.

"उमरेडपासून बेसापर्यंत."

"जोरानं?"

"लिफ्टमधली एक बाई दुसऱ्याच मजल्यावर उतरून गेली."

तिनं हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

"चिडू द्या," ती म्हणाली. "चिडायले उरला ना."